घर बघायला दुपारी तीनला जावे

मार्चमधल्या एका शनिवारी, दुपारी तीन वाजता, आमच्या कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या एका मुलीला सोबत घेऊन मी पश्चिम नागपुरातल्या एका जुन्या ले-आउटमध्ये किरायाचे घर बघायला गेले. तीनची वेळ माझी होती. नागपुरात सकाळी घर बघायला जाणारा माणूस हमखास फसतो, असे माझे जुने मत आहे. सकाळी नऊला इथले प्रत्येक घर चिखलदऱ्याला बांधल्यासारखे वाटते आणि त्याचा खरा स्वभाव ऊन पश्चिमेकडे कलल्यावरच कळतो. हे घर त्या परीक्षेत उतरले. जागा पहिल्या मजल्यावर होती, वर आणखी एक मजला असल्यामुळे स्लॅब थेट उन्हात नव्हता, आणि पश्चिमेच्या बाजूला जिना व न्हाणीघर आल्यामुळे राहत्या खोल्यांना तिकडची भिंत लागतच नव्हती. मी सवयीने भिंतीवर तळहात ठेवून पाहिला, आणि हात तिथे राहू शकला. उत्तरेच्या खिडकीबाहेर कूलरसाठी लोखंडी स्टँड ठोकलेले होते, त्याच्या हाताशी पाण्याचा नळ होता, विजेचे मीटर वेगळे होते, पिण्याला महापालिकेचे आणि वापरायला बोअरचे पाणी होते. अंगणातला कडुनिंब पानगळीला आला होता आणि पिवळी पाने जिन्याच्या पायऱ्यांवर पडून वाळत होती. तीन आठवडे वणवण करून असे घर सापडले, याचा मला त्या मुलीपेक्षा जास्त आनंद झाला होता.

घरमालकीण सत्तरीच्या होत्या. त्यांनी आम्हाला खाली बैठकीत बसवले, पंखा मोठा केला आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, घातलेला मठ्ठा स्टीलच्या पेल्यांतून आणून दिला. माझे नाव त्यांना फोनवरच कळलेले होते, त्यामुळे माझी चौकशी झाली नाही. मुलीला त्यांनी नोकरीचे विचारले, आईवडिलांचे विचारले, मग अगदी मायेच्या सुरात म्हणाल्या, “मूळची कुठची गं तू?” ती म्हणाली, “पवनीची.” “पवनीत कुठं?” तिने वस्तीचे नाव सांगितले. “असं होय,” काकू म्हणाल्या, आणि पेला खाली ठेवत त्यांनी विचारले, “आडनाव काय म्हणालीस?” तिने आडनाव म्हटलेच नव्हते. ती ते सांगण्यासाठी तोंड उघडणार, तेवढ्यात मी बोलले. “अहो काकू, माझी भाचीच आहे ती.”

काकूंचा चेहरा सैल झाला. “मग काय, घरचंच झालं,” त्या म्हणाल्या, आणि दोन महिन्यांचे डिपॉझिट त्यांनी आपण होऊन एका महिन्यावर आणले. किराया नऊ हजार होता. जिना उतरताना, पाच मिनिटांत नऊ हजार रुपये वाचवून दिल्याबद्दल मी स्वतःवर खूश होते.

ती मुलगी माझ्या मागे, पाने चुरडत, एक शब्द न बोलता उतरत होती.

या गोष्टीची सुरुवात आमच्या डब्याच्या टेबलावर झाली होती. सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या कार्यालयात आम्ही सहा-सात जणी दुपारी एकत्र जेवतो. नव्या मुलीने ‘मला घर शोधायचं आहे’ एवढे म्हणायचा अवकाश, की सगळ्यांच्या पोळ्या हातात राहिल्या. घराविषयी सल्ला द्यायला आपल्याकडे कोणीही कधीही तयार असतो. आजाराखालोखाल हाच विषय असेल. एक म्हणाली, वरचा मजला घेऊ नकोस, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत उष्णता ओकत राहतो आणि पंखा तीच गरम हवा अंगावर ढकलतो. दुसरी म्हणाली, लॉनजवळ घर घेऊ नको, लग्नसराईत रोज रात्री तीच चार गाणी आणि पहाटे भांडी घासण्याचा आवाज. तिसरीचे घर अंबाझरीच्या खालच्या बाजूला आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडून तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा तिचा फ्रिज स्वयंपाकघरातून बैठकीत तरंगत आला होता. तिचा सल्ला आगळा होता. तळमजला बघायला गेलीस तर भिंतींचा रंग बघ, ती म्हणाली. कमरेपर्यंतच नवा रंग मारलेला दिसला, तर घरमालकाला दुसरे काही विचारायची गरज नाही.

जी सीताबर्डीच्या बसच्या हिशेबाने वर्षानुवर्षे घरे सुचवायची, ती आता मेट्रोचे स्टेशन किती पावलांवर आहे ते सांगू लागली होती. एकीने दलालाला एक महिन्याचा किराया देण्यापेक्षा गल्लीबोळांतून स्कूटर फिरवून फाटकांवरच्या ‘टू-लेट’च्या पाट्या वाचाव्यात असे सुचवले. एकीने सबमीटरचा धोका सांगितला. या सगळ्या गलक्यात, टेबलाच्या टोकाला बसणारी आमची एक मैत्रीण, जिचे सगळे आयुष्य इंदोऱ्याच्या आंबेडकरी वस्तीत गेले आहे आणि जी या विषयावर सहसा बोलत नाही, डब्याचे झाकण लावता लावता म्हणाली, “फोनवरच आधी आडनाव सांगून टाकत जा. पेट्रोल वाचतं.”

सगळ्या हसल्या. तीही हसली. मीही हसले, आणि मग मी माझा आवडता सल्ला सांगायला घेतला, तो कूलरचा.

कूलरवर मी खरेच बोलू शकते, आणि इथेही थोडे बोलणार आहे. बाहेरगावाहून आलेल्या माणसाला वाटते की कूलर विकत घेतला म्हणजे झाले. कूलर हे यंत्राइतकेच घराचेही काम आहे. ओल्या गवतातून ओढलेली कोरडी हवा पाण्याला उडवते आणि त्या उडण्यात स्वतः थंड होते. म्हणजे बाहेरची हवा कोरडी हवी, कूलरची पाठ बाहेर मोकळ्यात हवी, आणि आत आलेल्या हवेला घराच्या दुसऱ्या टोकाने निघून जायला वाट हवी. ती वाट नसली तर खोली तासाभरात दमट होते, पांघरुणे चिकटतात आणि माणूस म्हणतो की कूलर खराब आहे. म्हणून घर बघताना मी कूलरची खिडकी बघते आणि मग पाठ फिरवून तिच्या समोरची खिडकी शोधते. होळीच्या सुमारास माळ्यावरून कूलर उतरतात, गंजलेल्या टाकीला रंगाचा हात फिरतो, जुने कुजके गवत काढून नवे भरले जाते. पहिल्या दिवशी त्याला पाणी लागले की घरभर जो रानातल्यासारखा वास सुटतो, तो माझ्या लेखी नागपूरच्या उन्हाळ्याचा पहिला दिवस असतो. पूर्वी सधन घरांतून वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारत, त्याचा वास याहून उंची. जुलैत पाऊस धरला की हाच कूलर निरुपयोगी होतो आणि त्याच्यावर आपण बादल्या ठेवू लागतो. २३ मे २०१३ ला इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता, त्या रात्री आमच्या इमारतीतली वीज गेली आणि सगळी बिऱ्हाडे गच्चीवर सतरंज्या घेऊन आली. पण गच्चीवर पाठ टेकवत नव्हती, म्हणून बादल्यांनी पाणी ओतून लोकांनी आधी गच्ची निववली. स्लॅब कशाला म्हणतात ते माझ्या मुलांना त्या रात्री कळले.

हे सगळे ज्ञान मी कमावलेले आहे, असे मला वाटत आले. १९९४ साली लग्न होऊन अमरावतीहून इथे आले, तेव्हा पहिले बिऱ्हाड महालातल्या एका वाड्यात मांडले. दोन खोल्या, साडेसातशे रुपये किराया, मागच्या खोलीवर टिनाचे छप्पर. त्या छपराखाली मी एप्रिलमध्ये स्वयंपाक करायचे, आणि फोडणी घालायच्या आधीच तेल तापलेले असायचे, असे मी अजूनही सांगते. ते पूर्ण खरे नाही, पण फार खोटेही नाही. तिथे छत बघायला शिकले. दुसरे घर सक्करदऱ्याला, पश्चिमेच्या भिंतीचे. तिथे भिंतीला हात लावून बघायला शिकले. तिसऱ्या घराला घरमालकाचेच मीटर होते आणि ते दर महिन्याला वहीत काहीतरी आकडेमोड करून आमच्याकडून युनिटमागे वीज मंडळापेक्षा जास्त पैसे घेत; तिथे मीटर बघायला शिकले. चौथ्या घरात बोअरचे पाणी इतके जड होते की डाळ शिजत नसे आणि बादल्यांच्या कडांवर पांढरे किटण चढत असे. बारा वर्षांत चार घरे झाली, आणि मग २००६ मध्ये आम्ही स्वतःचा ब्लॉक घेतला. नात्यातल्या, ओळखीतल्या किती जणांना त्यानंतर मी घरे शोधून दिली असतील, त्याची गणती नाही. लोक म्हणतात, हिच्या हाताला यश आहे. घरमालकांशी कसे बोलावे ते हिला कळते.

त्या शनिवारी रात्री झोप आली नाही, तेव्हा मी ती चार घरे पुन्हा एकेक करून आठवली. छत, भिंत, मीटर, पाणी हे सगळे होते तसे आठवले. आठवत नव्हता तो नकार. चारही ठिकाणी पहिल्या भेटीतच घर मिळाले होते. महालातल्या वाड्याच्या मालकीणबाईंनी नवरा काय करतो, दारू घेतो का, सासू सोबत राहणार का, हे सगळे विचारले होते आणि मला ती चौकशी फार अपमानाची वाटली होती. पण माझे आडनाव ऐकल्यावर त्यांनी त्या बाबतीत पुढे काही विचारले नव्हते. माझे आडनाव असे आहे की त्याच्यानंतर पुढचा प्रश्न येत नाही. इतकी वर्षे ज्याला मी माझी बोलण्याची हातोटी समजत होते, त्यातले माझे किती आणि त्या आडनावाचे किती, याचा हिशेब मला लागेना. इथे मी ते आडनाव लिहीत नाही, आणि त्या मुलीचेही लिहीत नाही. लिहिले तर वाचणारा प्रत्येक जण क्षणभर थांबून काहीतरी ठरवील, मीही दुसऱ्याच्या लेखात तेच करते.

घर बघून निघाल्यावर आम्ही चौकातल्या रसवंतीवर थांबलो होतो. चरकाच्या घुंगरांचा आवाज, लिंबू-आल्याचा वास, बर्फाच्या लादीवर टाकलेला ओला बारदाना. मी तिला सोमवारी डिपॉझिटचे पैसे कसे द्यायचे ते सांगत होते. करार तोंडी ठेवायचा नाही, असेही बजावत होते. अकरा महिन्यांचा कागद म्हणजे नोंदणीची भानगड नाही, असे इथे अजून पुष्कळांना वाटते, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग मुदत कितीही असो, आणि नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तो नोंदवला नाही तर अटींच्या वादात किरायेदाराचे म्हणणे प्रमाण धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. आता तर अंगठ्याचे यंत्र घेऊन माणूस घरी येतो. मी हे सगळे उत्साहाने सांगत होते, आणि करारात तिचे पूर्ण नाव, आधार क्रमांक, मूळ पत्ता हे सगळे लिहावे लागणार, हे सांगता सांगताच माझ्या लक्षात आले आणि मी थांबले. भाची असल्याचे मी सांगितले होते, मामीचे किंवा मावशीचे आडनाव वेगळे असू शकते, निभावून नेता आले असते. तरी मी थांबले.

ती ग्लासातला बर्फ हलवत होती. “ताई,” ती म्हणाली, “बडोद्याची गोष्ट आमच्या घरी लहानपणी सांगायचे.”

ती गोष्ट मलाही ठाऊक होती. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना; एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले, आणि काही दिवसांतच लाठ्या घेतलेले लोक जाब विचारायला आले. आम्ही रस पीत होतो तिथून दीक्षाभूमी स्कूटरवर दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मी तिथल्या पुस्तकांच्या दुकानांत जाते, पिशवी भरून पुस्तके आणते, आणि ती गोष्ट मी तशाच एका पुस्तकात वाचली होती. वाचताना मला त्या धर्मशाळेच्या रखवालदाराविषयी, त्या लाठीवाल्यांविषयी बरेच काही वाटले होते. ते नाव द्यायला जो कोणी तयार झाला असेल, त्याच्याविषयी मी कधी विचार केला नव्हता.

“मी तसं म्हणून बोलले नाही गं,” मी म्हणाले. ती म्हणाली, “माहीत आहे, ताई.” एवढेच झाले. रसाचे पैसे तिने दिले आणि मला देऊ दिले नाहीत.

सोमवारी डब्याच्या वेळी तिने मला बाजूला घेऊन सांगितले की ते घर ती घेत नाही. मी कारण विचारले नाही. विचारायला हवे होते की नको होते, ते अजून ठरवू शकले नाही. पण खरे सांगायचे तर त्या क्षणी माझ्या मनात पहिली आली ती चीड होती. इतके चांगले घर, उत्तरेची खिडकी, वेगळे मीटर, एका महिन्याचे डिपॉझिट. आणि ही मुलगी एका वाक्यापायी ते सोडते! मी ते वाक्य तिच्यासाठी बोलले होते. ती गप्प राहिली असती, तर अकरा महिने सुखाने राहिली असती, काकूंनाही तिचा लळा लागला असता, आणि पुढे कळले असते तेव्हा कदाचित त्यांना काहीच वाटले नसते. असे सगळे मी मनात तिच्याशी भांडत होते. मग हळूहळू त्या भांडणातली माझी बाजू मलाच ऐकवेना. अकरा महिने तिने काय करायचे होते? गावाहून आई आली तर तिला आधी पढवून ठेवायचे? १४ एप्रिलला घरात दिवा लावायचा, तर खिडकी बंद करायची? आपले टपाल आमच्या कार्यालयाच्या पत्त्यावर मागवायचे? उन्हाळ्यात जी खिडकी उघडी ठेवण्यावर मी एवढे व्याख्यान दिले होते, तीच.

काकू वाईट नव्हत्या, हेही मला लिहिले पाहिजे. त्यांनी तिला रागावून किंवा तुच्छतेने काही विचारले नाही. त्यांच्या वयाच्या माझ्या स्वतःच्या आत्याने हाच प्रश्न याच सुरात विचारला असता आणि वर आणखी एक पेला मठ्ठा ओतला असता. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत राहती जागा घेण्याचा आणि तिथे राहण्याचा उल्लेख आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून त्यात आडकाठी आणणे हा गुन्हा आहे. पण कायद्याला हातात धरायला नकार लागतो, आणि नकार कोणी देतच नाही. आमच्या इंदोऱ्याच्या मैत्रिणीला मी त्या आठवड्यात, पहिल्यांदाच, तिला काय काय ऐकावे लागले ते विचारले. तिने बोटांवर मोजून सांगितले. मुलगा पुण्याहून परत येतोय, त्याला लागेल. एकाने कालच टोकन दिलं. रंगकाम निघालंय. आम्ही फॅमिलीलाच देतो. आणि फॅमिली घेऊन गेल्यावर, आम्ही बँकवाल्यांनाच देतो. तुम्ही नॉनव्हेज खाता नं? सावजीच्या रश्शावर जगणाऱ्या या शहरात हा प्रश्न ज्या गांभीर्याने विचारला जातो, त्याचे तिला हसू येते. आणि सगळ्यात जास्त वेळा आलेले उत्तर म्हणजे, सांगते नं मी तुम्हाला फोन करून. “तो फोन कधी आला का?” मी विचारले. ती म्हणाली, “म्हणून तर म्हटलं, पेट्रोल.” तिचा नवरा आणि ती १९९८ च्या उन्हाळ्यात, धाकटा पोटात असताना, अकरा घरे हिंडली होती. शेवटी इंदोऱ्यातच, दिराच्या घरावर खोली बांधली. वरची खोली, उघडा स्लॅब. पंचवीस वर्षे आम्ही एका टेबलावर जेवतो, आणि वरच्या मजल्याच्या तोट्यांवर मी तिच्यासमोर किती वेळा बोलले असेन!

एप्रिलअखेर त्या मुलीला घर मिळाले. कामठी रोडच्या बाजूला, नारी रोड मेट्रो स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर, तिच्या मामेबहिणीच्या ओळखीतून. मेट्रोने कस्तुरचंद पार्कला उतरले की कार्यालय जवळ पडते, तेवढा एक गुण. बाकी घर म्हणजे माझ्या सगळ्या सल्ल्यांची उजळणी होती. तिसरा मजला, वर उघडी गच्ची, झोपायच्या खोलीला पश्चिमेची सबंध भिंत. मे महिन्यात तिने आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावले, त्या दिवशी पारा ४५ च्या आसपास होता. रात्री नऊला आम्ही पोचलो तेव्हाही जिन्याचा कठडा हाताला पोळत होता आणि खोलीत शिरताच डोक्यावरून ती ओळखीची धग उतरू लागली. तिने बाल्कनीत विटांवर कूलर मांडला होता आणि समोरचे दार, डास येतात म्हणून, लावून घेतले होते. मी काही न बोलता उठून ते दार उघडले, त्याच्या तोंडाशी जाळीचा पडदा अडकवला, आणि पाच मिनिटांत हवेला वाट सापडून पडद्याची झालर बाहेरच्या बाजूला फुगली. “बाप्पा, ताई!” ती म्हणाली. माझ्या त्या विद्येचा तिथे तेवढा उपयोग झाला. गच्चीवर चुन्याचा हात मारून घे, असेही मी तिला सांगितले. घरमालक तयार होते, चुन्याचे पैसे तेच देणार होते.

जेवणात वडाभात होता. तळलेल्या लाल मिरच्यांचा खकाणा घरभर भरला होता, सगळ्या जणी शिंकत होत्या, हसत होत्या. मी तिला हळूच विचारले, “इथं काय काय विचारलं त्यांनी?” ती आठवू लागली. मोटर किती वाजता लावायची, किराया किती तारखेपर्यंत देशील, रात्री फाटकाला कुलूप कोण लावेल. “आणि आडनाव?” “ते मी फोनवरच सांगितलं होतं,” ती म्हणाली. टेबलाच्या टोकाला बसणारी आमची मैत्रीण वड्याचा तुकडा मोडत होती. तिने वर पाहिले नाही.

परतीच्या मेट्रोत मला वाटत राहिले की ते पहिले घर तिने घ्यायला हवे होते. अजूनही, दुपारी घरातले पडदे ओढताना, मला मधूनच वाटते. त्या तापलेल्या खोलीत तिला झोप लागत असेल का, असा विचार येतो, आणि त्याच्या पाठोपाठ, दुसऱ्या घरात लागली असती का, असा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, आभाळ भरून आलेले आणि अजून न पडलेले, अशा एका संध्याकाळी त्या काकूंचा फोन आला. आवाज तसाच मायेचा होता. प्रकृतीची विचारपूस झाली, उन्हाळ्याची झाली. मग त्या म्हणाल्या, “तुमची भाची काही आलीच नाही हो. दुसरीकडे मिळालं वाटतं तिला. मधे दोन-तीन जण येऊन गेले, पण मला काही पटलं नाही. वर तसंच रिकामं आहे. तुमच्याकडे असली कोणी तर सांगा नं. तुमच्या भाचीसारखीच, आपल्यातली.”

माझ्या खिडकीतला कूलर बंद होता. दमट हवेत तो लावण्यात अर्थ नव्हता. बोलायला मला पुरेसा वेळ मिळाला होता, काकू पलीकडे थांबल्या होत्या.

“बघते, काकू,” मी म्हणाले.